लोकरीच्या पट्ट्यांतून पाळीव प्राण्याचे चित्र: हूक-कामाच्या गालिच्याची पहिली ओळख

हूक-कामाचा गालिचा विणलेला नसतो आणि त्यात गाठीही मारलेल्या नसतात. जाळीदार कापडाच्या खाली लोकरीची पट्टी धरायची, वरून हूक घालून तिचा छोटा लूप वर ओढायचा आणि शेजारच्या भोकातून पुढचा लूप काढायचा, एवढीच त्याची क्रिया आहे. लूप एकमेकांना खेटून उभे राहतात आणि त्या दाटीमुळेच जागचे हलत नाहीत. ही क्रिया एका बैठकीत हाताला बसते. कुत्र्यामांजराचे चित्र मात्र तितक्या सहज साधत नाही. पहिल्या खेपेला बहुतेकांच्या हातून लॅब्रॅडॉर तयार होतो, पण तो आपल्या घरचा लॅब्रॅडॉर नसतो. याचे कारण हाताच्या सफाईत क्वचितच सापडते. ते बहुधा फोटोच्या निवडीत, डोळ्यांच्या मापात आणि केसांच्या दिशेकडे झालेल्या दुर्लक्षात असते, आणि म्हणून या लेखात त्या तीन गोष्टींना सर्वांत जास्त जागा दिली आहे.

ही कला अमेरिकेतील मेन राज्यात आणि कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुजली. थंडीच्या प्रदेशात जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्यांना तोटा नव्हता आणि बंगालच्या तागाच्या गोणपाटाची पोती त्याच सुमारास घरोघरी पोहोचू लागली होती. रिकामे पोते उसवून पाण्यातून काढले की पायाचे कापड, म्हणजे ज्यातून लूप काढायचे ते कापड, फुकटात मिळे. मेनमधील बिडेफर्ड येथील एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट या फिरत्या विक्रेत्याने १८६८ च्या सुमारास धातूच्या पत्र्याचे छाप कापून गोणपाटावर तयार नक्षी छापून विकण्यास सुरुवात केली आणि त्या नक्षींत फुलांबरोबर प्राणीही होते. कॅनडातील न्यूफाउंडलंड आणि लॅब्रॅडॉर या प्रदेशांच्या किनाऱ्यावर डॉ. विल्फ्रेड ग्रेनफेल यांच्या वैद्यकीय मिशनच्या आधाराने स्त्रियांनी केलेल्या चटयांवर बर्फगाडी ओढणारे कुत्रे वारंवार दिसतात. कॅनडाच्याच नोव्हा स्कोशिया प्रांतातील शेटिकॅम्प गावच्या एलिझाबेथ लफोर्ट यांनी तर लोकरीच्या धाग्याने राष्ट्राध्यक्षांची आणि राजघराण्यातील व्यक्तींची चित्रे केली. लोकरीतून चेहरा ओळखू येईल इतके साम्य आणता येते की नाही, ही शंका त्यामुळे मनात ठेवण्याचे कारण नाही.

फोटो निवडताना

हुकापेक्षा, लोकरीपेक्षा आणि चौकटीपेक्षा फोटोवर जास्त वेळ खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याला सर्वांत प्रिय असलेला फोटो या कामाला योग्य असेलच असे नाही. माणूस उभा राहून खाली पाहत फोटो काढतो, तेव्हा प्राण्याचे नाक फुगते आणि अंग लहान होत जाते. तसा फोटो गमतीदार दिसतो, पण लोकरीत तो विद्रूप वाटतो. प्राण्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून, खिडकीजवळ, उजेड एका बाजूने येत असताना काढलेला फोटो घ्यावा. फ्लॅश वापरलेला फोटो शक्यतो टाळावा, कारण फ्लॅशमुळे चेहऱ्यावरच्या सावल्या पुसल्या जातात आणि सावल्याच नसतील तर नाकाचा उंचवटा आणि डोळ्यांची खोबण लूपमधून दाखवण्यास काही आधार उरत नाही. प्राणी आता हयात नसेल आणि जुना, पुसट फोटोच हाती असेल, तर चेहऱ्याचा आकार त्या फोटोवरून घ्यावा आणि उजेड-सावलीसाठी त्याच जातीच्या, त्याच कोनातून पाहणाऱ्या दुसऱ्या प्राण्याचे निरीक्षण करावे. फोटो दुसऱ्याने काढलेला असल्यास त्याची परवानगी घेणे हेही आलेच.

पहिल्या चित्रात संपूर्ण प्राणी घेऊ नये. फक्त चेहरा आणि थोडी मान घ्यावी आणि चेहरा मोठा घ्यावा. नवशिक्याला लहान चित्र सोपे वाटते. या कामात गोष्ट उलटी आहे. चित्र आठ इंचांचे असेल तर डोळ्याच्या वाट्याला मोजून तीन-चार लूप येतात आणि तेवढ्यात बाहुली, बुबुळाचा रंग, चमक आणि पापणीची कड बसत नाही. सोळा इंच चौरस चित्रात चेहरा जवळजवळ कडेपर्यंत भरला, तर एकेक डोळा सुमारे एक इंच रुंदीचा होतो आणि काम करण्यास जागा मिळते.

आकार ठरल्यावर फोटो त्या मापाचा छापून घ्यावा आणि त्याची दुसरी प्रत कृष्णधवल करून घ्यावी. रंगीत प्रत रंगासाठी असते. कृष्णधवल प्रत अधिक महत्त्वाची, कारण कोणता भाग किती गडद आणि किती फिकट हे तिच्यावरूनच कळते. नारिंगी बोक्याच्या गालावरचा उजळ पट्टा आणि त्याच्या गळ्याखालची सावली यांना आपण दोन्ही वेळा ‘नारिंगी’च म्हणतो, पण कृष्णधवल प्रतीत ते भाग एकमेकांपासून किती दूर आहेत ते दिसते.

साहित्य

पायाच्या कापडासाठी लिनन किंवा मंक्स क्लॉथ (सैल विणीचे जाड सुती कापड) घ्यावे. गोणपाट स्वस्त असते आणि परंपरेलाही धरून असते, परंतु ताग कालांतराने ठिसूळ होतो आणि इतक्या मेहनतीचे चित्र त्यावर करणे मला परवडणारे वाटत नाही. सरावासाठी मात्र तो उत्तम. चित्राच्या चारही बाजूंना किमान चार इंच कापड जास्त ठेवावे, म्हणजे सोळा इंचांच्या चित्राला चोवीस इंच चौरस तुकडा लागेल. कापल्याबरोबर त्याच्या कडांवर मशीनने झिगझॅग शिलाई मारून घ्यावी, नाहीतर कडेचे धागे रोज थोडे थोडे सुटत राहतात.

हूक क्रोशाच्या सुईसारखाच दिसतो, फक्त त्याची मूठ लाकडी आणि हातात भरणारी असते. भारतात खास हूक सहज मिळत नाही; तीन ते चार मिलिमीटरची धातूची क्रोशा सुई घेऊन तिला जाड मूठ बसवली तरी आरंभ करता येतो. हल्ली सर्वत्र विकले जाणारे पंच नीडलचे संच या कामासाठी घेऊ नयेत, कारण त्या पद्धतीत कापडाच्या मागच्या बाजूने सुई खुपसून काम होते आणि चित्र उलटे काढावे लागते. कापड ताणून धरण्यासाठी दातेरी पट्ट्या लावलेली चौकट सर्वांत सोयीची. ती नसल्यास रजईकामाची चौदा इंचांची जाड लाकडी रिंग चालते. भरतकामाची पातळ रिंग पुरत नाही.

आता लोकर. अमेरिका-कॅनडात मध्यम जाडीचे शंभर टक्के लोकरीचे कापड वापरतात. आपल्याकडे जुने ब्लेझर, थंडीच्या प्रदेशातून आलेले कोट आणि स्कर्ट, किंवा खादी भांडारातले लोकरी कापड यांतून काम भागते. घोंगडीची लोकर राठ आणि जाड असल्यामुळे चेहऱ्याच्या बारीक भागाला उपयोगाची नाही, पार्श्वभूमीला क्वचित शोभून दिसते. कापडाऐवजी धागा वापरायचा असेल तर एक सावधगिरी बाळगावी: विणकामाच्या दुकानात ‘लोकर’ म्हणून जे गुंडे मिळतात, त्यांतले पुष्कळसे ॲक्रिलिकचे असतात. शंका असल्यास एक धागा चिमट्यात धरून पेटवून पाहावा. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि तिची राख बोटांत चुरगळते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो.

कोटाचे अस्तर आणि शिलाई उसवून कापडाचे सपाट तुकडे करावेत आणि ते गरम पाण्यात, थोड्या साबणाने, मशीनमध्ये धुवावेत. एरवी लोकरी कपड्याच्या बाबतीत जे आपण कटाक्षाने टाळतो, तेच इथे मुद्दाम करायचे आहे, कारण गरम पाणी आणि घुसळण यांनी लोकर आटते, तिचे तंतू एकमेकांत गुंततात आणि मग पट्टी कापली तरी तिची कड उसवत नाही. धुतल्यावरही कडेचे धागे सुटत असतील तर आणखी एकदा धुवावे; पुठ्ठ्याइतके जाड झाले तर ते कापड या कामातून बाद समजावे. प्रमाण साधारण असे धरतात की जेवढे क्षेत्र भरायचे त्याच्या चार ते पाच पट कापड लागते. वजनात सांगायचे तर एक चौरस फुटाला सुमारे अर्धा पौंड, म्हणजे सोळा इंचांच्या आपल्या चित्राला सगळे मिळून ४०० ग्रॅमच्या आसपास.

पट्ट्यांची रुंदी क्रमांकाने सांगितली जाते आणि नेहमीच्या क्रमांकांत तो आकडा इंचाच्या बत्तिसाव्या भागांचा असतो: ३ क्रमांकाची पट्टी ३/३२ इंच, ६ क्रमांकाची ३/१६ इंच आणि ८ क्रमांकाची १/४ इंच. डोळे, नाक आणि तोंडाची रेघ यांसाठी ३, चेहऱ्याच्या उरलेल्या भागासाठी ४ किंवा ५ आणि पार्श्वभूमीसाठी ६ अशी वाटणी पहिल्या चित्रास पुरते. हाताने फिरवण्याचे कटर परदेशी दुकानांतून मागवता येते, पण धारदार कात्रीनेही पट्ट्या कापता येतात. कापड आधी हाताने टरकावून घ्यावे. ते सरळ धाग्यावरच फाटते आणि त्या कडेला समांतर कापलेली पट्टी ओढताना तुटत नाही. पट्टीची लांबी एक ते दीड फूट असावी.

छटांची जुळणी

एका रंगाच्या निदान पाच-सहा छटा हव्यात. नारिंगी बोक्यासाठी मलईसारख्या फिकट रंगापासून बिस्किटी, मधाळ, नारिंगी आणि विटकरी यांवरून गडद तपकिरीपर्यंत एक ओळ तयार करावी. तुकडे फिकटाकडून गडदाकडे मांडून मोबाइलवर त्यांचा कृष्णधवल फोटो काढावा. डोळ्यांना वेगळे वाटणारे दोन रंग फोटोत एकसारखे करडे दिसले तर त्यांतला एक काढून टाकावा. चौकड्यांचे आणि ट्वीडचे कापड याच वेळी उपयोगी पडते, कारण पट्टी कापल्यावर त्याचे मिश्र रंग तुटक ठिपक्यांसारखे येतात आणि केसांचा भास निर्माण करतात.

काळ्या कुत्र्यासाठी फक्त काळी लोकर आणि पांढऱ्या मांजरासाठी फक्त पांढरी लोकर घेतली, तर चित्राऐवजी भोक किंवा डाग दिसतो. काळ्या अंगावर खिडकीचा उजेड पडतो तिथे गडद निळा आणि करडा, ऊन पडते तिथे तपकिरी, आणि शुद्ध काळा केवळ खोल सावलीपुरता ठेवावा. पांढऱ्या मांजराच्या सावलीत फिकट जांभळट करडा, उजेडात मलई, आणि शुभ्र पांढरा अगदी मोजक्या जागी वापरावा.

हवी ती छटा न मिळाल्यास लोकर घरी रंगवता येते. लोकरीला ॲसिड डाय लागतो. त्यात व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड घालून, उकळीच्या जरा खाली, पाणी जवळजवळ नितळ होईपर्यंत लोकर ठेवायची आणि भांड्यातच निवू द्यायची. हे भांडे पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

चित्र कापडावर उतरवणे

कापडाचे उभे-आडवे धागे चित्राच्या कडांना अचूक समांतर हवेत. त्यासाठी दोन धाग्यांच्या मधल्या खाचेतून पेन्सिल ओढत चौकोन आखावा. पट्टीने रेघ मारू नये, कारण कापड थोडे तिरपे ताणलेले असले तरी पट्टीला ते समजत नाही. मग फोटोवर पातळ नेट ठेवून मुख्य रेषा गिरवाव्यात, ते नेट कापडावर ठेवावे आणि न पुसल्या जाणाऱ्या शाईच्या मार्करने पुन्हा त्याच रेषांवरून जावे, म्हणजे शाई नेटमधून खाली उतरते. शाई पक्की आहे याची खात्री कोपऱ्यात ओले फडके फिरवून आधीच करावी. शेवटी वाफ द्यायची असते आणि त्या वेळी शाई पसरली तर उपाय नसतो.

रेषांबरोबर बाणही काढावेत. कुत्र्याच्या नाकाच्या दांड्यावर केस नाकाकडून कपाळाकडे जातात, दोन डोळ्यांच्या मधे ते दोन बाजूंना फुटतात, डोळ्यांखाली गालाकडे वळतात आणि छातीवर खाली उतरतात. प्रत्येक प्राण्याचे भोवरे वेगळे असतात आणि ओळख पुष्कळदा त्यांतच असते. प्राणी घरात असेल तर बोटांनी चेहरा चाचपून ही दिशा तपासावी.

लूप काढण्याची क्रिया

डाव्या हातात कापडाखाली पट्टी धरावी. उजव्या हाताने हूक वरून भोकात घालावा आणि पट्टीचे टोक इंचभर वर आणून ठेवावे. शेजारच्या भोकातून पहिला लूप काढावा, त्याची उंची पट्टीच्या रुंदीइतकी किंवा किंचित जास्त ठेवावी आणि असेच पुढे जावे. लूप वर काढताना हुकाची पाठ आधीच्या लूपकडे किंचित दाबली, तर तो लूप मागे ओढला जात नाही. पट्टी संपली की शेवटचे टोकही वरच आणावे आणि नव्या पट्टीचे टोक त्याच भोकातून काढावे. दोन्ही टोके नंतर लूपच्या उंचीला कापली की दिसेनाशी होतात. मागच्या बाजूला पट्टी कधीही एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर उडी मारून नेऊ नये.

प्रत्येक भोक भरण्याची गरज नसते, किंबहुना भरूच नये. नवशिक्याचा हात नेहमी गच्च भरतो, मग गालिचा मधे फुगतो आणि कितीही इस्त्री केली तरी सपाट बसत नाही. लूप एकमेकांना टेकले आणि वरून कापड दिसेनासे झाले की पुरे. मागच्या बाजूने इथे-तिथे थोडे रिकामे कापड दिसणे हे चांगल्या कामाचे लक्षण आहे.

डोळे

काम डोळ्यांपासूनच सुरू करावे. ते जमेपर्यंत उसवावेत आणि जमल्याशिवाय पुढे जाऊ नये. या कामात उसवणे स्वस्त आहे, पट्टी ओढली की निघते आणि कापडाची भोके नखाने पूर्ववत होतात.

कुत्र्याचा डोळा घेऊ. सर्वांत आधी चमकेचा एकच पांढरा लूप काढावा, आणि तो फोटोत जिथे आहे तिथेच काढावा. उजेड एकाच खिडकीतून येत असेल तर दोन्ही डोळ्यांत चमक एकाच बाजूला असते. एका डोळ्यात डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे काढली, तर प्राणी तिरळा दिसतो. ३ क्रमांकाची पट्टीही जाड वाटली, तर पांढऱ्या लोकरीचा धागा वापरावा. त्या लूपला बिलगून बाहुलीचे काळे लूप गोलाकार काढावेत. बाहुलीभोवती बुबुळाचा तपकिरी रंग येतो, पण तो दोन छटांत: वरच्या पापणीची सावली पडते म्हणून वरचा अर्धा भाग गडद आणि खालचा उजळ. हा एक फरक केला की सपाट वर्तुळ एकदम गोल बुबुळ दिसू लागते. त्यानंतर पापणीची गडद कड एका ओळीत, नाकाकडच्या कोपऱ्यात जराशी टोकदार, आणि कडेबाहेर उजळ केसांची एक अरुंद ओळ. डोळ्याचा पांढरा भाग कुत्र्यात कोपऱ्यापुरताच दिसतो, मांजरात जवळजवळ दिसतच नाही. सवयीने माणसाच्या डोळ्यासारखा दोन्ही बाजूंना पांढरा रंग भरला तर चेहरा घाबरलेला वाटतो. मांजराची बाहुली भर उजेडात उभी फट असते आणि मंद उजेडात गोल होते, तेव्हा फोटोतला उजेड आणि बाहुलीचा आकार जुळतो का ते पाहावे.

दोन्ही डोळे झाले की चौकट भिंतीला टेकवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहावे, किंवा मोबाइलने फोटो काढून तो लहान करून पाहावा. हातभर अंतरावरून हे काम नुसत्या चिंध्यांसारखे दिसते आणि त्या अंतरावरून त्याची परीक्षा करणे अन्यायाचे आहे.

चेहरा आणि पार्श्वभूमी

पुढचा क्रम नाक, तोंडाची रेघ, डोळ्यांभोवतीचा भाग, कान आणि मग उरलेला चेहरा असा ठेवावा. नाक पूर्ण काळे करू नये. वरच्या बाजूला ओलसर चमकेचे दोन-तीन करडे लूप लागतात. चेहरा भरताना ओळी बाणांच्या दिशेने टाकाव्यात आणि एका छटेची सरळ सीमा बनू देऊ नये. गडद छटेच्या ओळींची टोके फिकट छटेत कमी-जास्त लांबीने शिरू द्यावीत, म्हणजे दोन रंगांमधली रेघ मोडते आणि केस एकमेकांवर पडल्यासारखे दिसतात. ग्रेनफेलच्या चटया सरळ आडव्या ओळींत केलेल्या असतात आणि त्यांच्या बैठ्या, सपाट आकृत्यांना ते फार शोभते. पण आपल्याच बोक्याचा चेहरा हवा असेल तर ती शिस्त इथे लागू करू नये.

चेहऱ्याभोवती काळी बाह्यरेषा काढण्याचा मोह होतो, तो आवरावा. चेहऱ्याची कड पूर्ण झाली की तिला लागून पार्श्वभूमीची एक ओळ लगेच टाकावी, त्याने आकार जागच्या जागी राहतो. मिशा सर्वांत शेवटी, लूपमधून नव्हे तर सुईत धागा ओवून लांब टाक्यांनी घालाव्यात. काहीजण त्या घालतच नाहीत आणि चित्राचे त्यात बिघडत नाही. पार्श्वभूमी प्राण्यापेक्षा स्पष्टपणे गडद किंवा फिकट, आणि शक्यतो एकाच रंगाच्या दोन-तीन जवळच्या छटांची मिसळून घ्यावी.

शेवटची कामे

पूर्ण झालेला गालिचा जाड टॉवेलवर पालथा ठेवावा, वर ओले पिळलेले फडके घालावे आणि लोकरीच्या तापमानावरची इस्त्री दाबून उचलत जावी, घासू नये. मग सुलटा करून हलक्या हाताने तेच करावे आणि रात्रभर सपाट वाळू द्यावा. जास्तीचे कापड सव्वा ते दीड इंच ठेवून कापावे, कड मागे दुमडून तिच्यावरून लोकरीचा धागा दाट गुंडाळत न्यावा आणि मागून सुती टेप हाताने शिवून कापडाच्या कच्च्या कडा झाकाव्यात. पायपुसण्याच्या जागी असे चित्र ठेवणारेही आहेत आणि या गालिच्यांत तेवढा टिकाऊपणा नक्कीच असतो, पण चेहऱ्यावर पाय देणे आपल्याकडे कोणाला रुचेल असे वाटत नाही. भिंतीवर लावण्यासाठी मागे वरच्या कडेला कापडाची नळी शिवून तीत काठी घालावी. खिळे किंवा रिंगा थेट कापडाला लावल्यास वजनाने कड ओघळते. मागच्या बाजूला प्राण्याचे नाव, वर्ष आणि करणाऱ्याचे नाव लिहिलेली चिंधी शिवावी.

गालिचा पाण्यात बुडवून धुऊ नये. फिरत्या ब्रशचे तोंड काढलेल्या व्हॅक्यूमने धूळ ओढावी आणि डाग ओल्या कापडाने टिपावा. मेन आणि नोव्हा स्कोशियात कोरड्या बर्फावर पालथा टाकून झटकण्याची जुनी पद्धत आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांनी ती अवश्य करून पाहावी. ठेवून द्यायचा झाल्यास घडी घालू नये, लूप बाहेरच्या बाजूला राहतील असा गुंडाळावा आणि प्लॅस्टिकऐवजी धुतलेल्या सुती चादरीत बांधावा. आपल्या हवेत खरी भीती कसरीची आणि पावसाळी दमटपणाची आहे, त्यामुळे पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात तो थोडा वेळ पालथा घालून, झटकून, मागून-पुढून तपासून मगच पुन्हा बांधावा.